पात्र

"आबाजी, यातलं कोणतं देऊ हिले?"

नातीनं वहीचं पान माझ्यापुढं धरलं. पानावर दुःखांची यादी होती. नवरा पितो. सासू छळते. पोरगं दवाखान्यात. वावर सावकाराकडे. सगळ्यात खाली 'कॅन्सर', पुढे प्रश्नचिन्ह. कॉलेजच्या कथास्पर्धेसाठी ती कथा लिहीत होती आणि कथेतली बाई बाभुळगावच्या बसस्टँडवर धामणगावच्या गाडीची वाट पाहत बसली होती. चार पानं झाली तरी बसूनच. कुणीतरी नातीला शिकवलं होतं की पात्राला सुखानं बसू दिलं की कथा मेलीच समजायची. त्याला हवं ते मिळू द्यायचं नाही, वाटेत धोंडे टाकायचे, धोंडे संपले तर डोंगर आणून टाकायचा. म्हणून पोरगी बाजारात उभं राहून वांगी घेऊ की ढेमसं, असं करत होती.

मी तीस वर्षं दिवाळी अंकांत कथा लिहितो. वर्षाला एखाद-दुसरी; छापून आल्या त्यापेक्षा साभार परत आल्या त्याच जास्त. संघर्षाशिवाय कथा नाही, हे वाक्य मीही शाल-श्रीफळ घेऊन चार ठिकाणी सांगितलेलं आहे. पण त्या संध्याकाळी मी 'देऊ' या शब्दावर अडकलो. दुःख द्यायचं म्हणजे देणारा कोण? आणि ज्याला द्यायचं, त्यानं विचारलं की मलाच का, तर देणाऱ्यानं काय सांगायचं? हा प्रश्न माणसं देवाला विचारतात. लेखकाला सहसा कुणी विचारत नाही. मला एकदा विचारला गेला आहे.

मी तलाठी होतो. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. आमच्या वेळी तलाठीच. नोकरी जिल्हाभर फिरून झाली, कोणत्या सज्जात काय घडलं ते गावानिशी सांगणार नाही. आमच्या कामात एक शब्द रोज यायचा, तो म्हणजे पात्र. मराठीत या शब्दाला विश्रांती नाही. देवघरातलं पंचपात्र आहे, बेंबळा नदीचं पात्र आहे, नाटकातलं पात्र आहे. आणि २००६ पासून आमच्या जिल्ह्यात आणखी एक पात्र आलं. शेतकऱ्यानं आत्महत्या केली की प्रकरण तालुक्यावरून जिल्ह्याला जातं आणि समिती ठरवते, पात्र की अपात्र. जमीन नावावर किंवा कुटुंबाच्या नावावर होती का, नापिकी होती का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, वसुलीचा तगादा होता का. हे जुळलं तर पात्र. मग १ लाख रुपये. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. यातलं एखादं नाही जुळलं तर अपात्र. माणूस गेला ते गेलाच, पण शेतकरी म्हणून गेला नाही.

ही गोष्ट २००६ ला सुरू झाली असंही नाही. १९ मार्च १९८६ ला याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको आणि चार मुलांसह जीवन संपवलं, तेव्हा असला कोणता रकाना नव्हता. २००६ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, आणि आम्हा खालच्या लोकांच्या हाती नमुने आले. माझ्या हातून असे किती अहवाल गेले ते मी मोजलेले नाहीत. मोजले तर आकडा निघेल, म्हणून.

त्यातलं एक प्रकरण. पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. ऑक्टोबरचा महिना. बोंडं फुटायला लागली होती, पण सीतादही व्हायचं होतं. आमच्याकडे पहिली वेचणी सुरू करण्याआधी वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला सीतादही म्हणतात. तो सकाळी डबा घेऊन वावरात गेला आणि परत आला नाही. मी दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा पोलिसांचं काम आटोपलं होतं. धुऱ्यावरच्या बाभळीला डबा लटकलेला होता. झाकण घट्ट. कुणी काढला नव्हता, कारण तो डबा कोणाच्याच कामाचा नव्हता. पोलिसांच्या पंचनाम्यात नाही, माझ्या नमुन्यातही नाही.

चौकशीत लोक विचारतातच, पीत होता का? मी आजूबाजूच्या पाच-सहा जणांना विचारलं. नव्हता पीत. सुपारीसुद्धा नाही. मी तसं लिहिलं. प्रकरण पात्र झालं.

पुढं दोन वर्षांनी मी त्याची कथा लिहिली. नाव बदललं, गाव बदललं, पाच एकराचे सात केले. पहिला खर्डा एका संपादकांनी परत पाठवला. सोबत चिठ्ठी होती, चांगल्या अक्षरात: नायक का मरतो ते वाचकाला पटत नाही. बरोबरच होतं. मलाही कुठं पटलं होतं? मग मी रात्री दोन तास बसलो आणि त्याला दारू दिली. थोडीच. पोळ्याच्या दिवशी एकदा, मग बाजाराच्या दिवशी, मग घरात. लगेच कथेत जीव आला. बायकोशी भांडण आलं, पोरीच्या लग्नाचे पैसे गेले, सोसायटीच्या सचिवासमोर अपमान आला, एकाला एक लागून सगळं येत गेलं. शेवट तर आपोआप झाला. कथा छापली गेली. दोघा-तिघांनी कळवलं की शेवटी बाभळीवरचा डबा वाचून डोळ्यांत पाणी आलं.

त्या गेलेल्या माणसाच्या बायकोची गाठ पडली ती यवतमाळच्या एसटी स्टँडवर. मांडीवर पिशवी, शेजारी दहावीतलं पोरगं. मी ओळखलं नाही, तिनंच ओळखलं.

"तलाठीसाहेब, एक विचारू का? सरकारले लिहून देतानी तुमी लिहलं का हा माणूस पेत नव्हता. मंग गोष्टीत काऊन पाजली त्याले?"

अंक पोराच्या हाती लागला होता. त्यानं आईला वाचून दाखवला होता. मी म्हणालो की तो माणूस वेगळा, कथेतलं पात्र काल्पनिक असतं, लिहिताना असं करावं लागतं.

ती म्हणाली, "डबा तं आमचाच हाय."

गाडी लागली, ती चढली. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. सातबाऱ्यावरची चूक दाखवावी तशी दाखवून गेली.

त्यानंतर मी जे वाचत सुटलो ते वाङ्मयाचं नव्हतं. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात हाच खटला चाललेला आहे, ईश्वरावर. आरोप दोन. एक वैषम्य: कुणाला फार सुखी केलंस, कुणाला फार दुःखी, म्हणजे तू पक्षपाती आहेस. दुसरा नैर्घृण्य: तुला दया नाही. सूत्रकारांनी देवाची बाजू मांडली आणि शंकराचार्यांनी ती भाष्यात खुलवली. ईश्वर एकटा, मनाला येईल तसं देत नाही. प्राण्याच्या कर्माकडे पाहून देतो, म्हणजे त्याचं देणं 'सापेक्ष' आहे. दाखला पावसाचा. पाऊस भातावरही पडतो, जवावरही पडतो. भात भात होतो आणि जव जव होतो तो आपापल्या बीजामुळं. पावसाला दोष कसा देणार?

आचार्य केरळातले. तिथला पाऊस कदाचित तसा असेल. मी नोकरीभर पर्जन्यमापकाच्या नोंदी पाहिल्या आहेत आणि बाभुळगाव तालुक्यात पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो, हे मला कुणी ब्रह्मवेत्त्यानं सांगितलं तरी पटणार नाही. इथं धुऱ्याच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे धूळ असते. बीज मात्र सगळ्यांचं एकच, तेच कपाशीचं पाकीट, एकाच दुकानातून उधारीवर आणलेलं. २०१७ ला गुलाबी बोंडअळी आली ती कुणाचं पूर्वकर्म तपासून आली नाही. त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधेनं जिल्ह्यात माणसं गेली. ज्या वावरात फवारत होते ते वावरही पुष्कळांचं स्वतःचं नव्हतं, ते रोजानं गेले होते. आमच्याकडे दाखला उलटा करावा लागतो. बीज सारखं आणि पाऊस वेगळा.

प्रतिपक्षानं पुढं विचारलंच आहे की सृष्टीच्या आरंभी कर्म नव्हतं, मग पहिलं दुःख कशाचं? उत्तर असं की आरंभच नाही, संसार अनादी आहे. यावर मला हसू आलं. फेरफाराचं असंच असतं. प्रत्येक नोंद मागच्या नोंदीकडे बोट दाखवते, ती त्याच्या मागच्या, आणि सगळ्यात जुनं पान वाळवीनं खाल्लेलं असतं.

थट्टा बाजूला ठेवतो. वाचता वाचता माझी मान खाली गेली ती वेगळ्याच कारणानं. मी त्या माणसाला दारू दिली ती का? कारण त्याचं मरण 'सापेक्ष' करायचं होतं. त्याच्याच कशामुळं तरी झालं असं दाखवायचं होतं. कथेचे शिक्षक सांगतात की संघर्ष पात्राच्या स्वभावातून उगवला पाहिजे. ग्रीकांचा आचार्य ॲरिस्टॉटल सांगून गेला की शोकनाट्यातला नायक दुष्टपणानं नाही, प्रमादानं कोसळावा. चांगलीच शिकवण आहे, मी ती नाकारत नाही. पण ती कर्मसिद्धान्ताची सख्खी बहीण आहे. मयताच्या घरी बसायला आलेली माणसं ओसरीवर हळूच म्हणतात ना, 'तसा तो थोडा तापटच होता', तेच हे. कारण सापडलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. आपण तापट नाही, आपण पीत नाही, म्हणजे आपल्यावर येणार नाही. वाचकाला 'पटतं' म्हणजे पुष्कळदा एवढंच असतं. मी सरकारदरबारी त्याला पात्र ठरवलं आणि कथेत अपात्र केलं. आणि कथा त्यामुळंच चांगली झाली, हे त्यातलं कुसळ.

जुने कथेकरी या बाबतीत आमच्यापेक्षा प्रामाणिक होते, असं मला नळाच्या आख्यानावरून वाटतं. नळ आमच्या विदर्भाचा जावई. दमयंतीनं देवांना सोडून त्याला वरलं म्हणून कली खवळला आणि त्याच्या अंगात शिरायला छिद्र शोधत राहिला. बारा वर्षं. बाराव्या वर्षी छिद्र सापडलं ते काय? नळ लघवीला जाऊन आला, आचमन केलं आणि पाय न धुता संध्येला बसला. बस. तेवढ्यातून कली आत आला, मग द्यूत, मग वनवास, मग अर्ध्या वस्त्रात झोपलेल्या बायकोला सोडून जाणं.

लहानपणी वाटायचं, पाय धुवावेत हे शिकवायला ही गोष्ट असेल. आता वाटतं की सांगणाऱ्यानं इथं कबुली दिली आहे. अपराध आणि शिक्षा यांचं माप जुळत नाही हे त्याला दिसत होतं, ऐकणाऱ्याला दिसावं अशीही त्याची इच्छा होती. कारण तर द्यायलाच हवं, नाहीतर गोष्ट पुढं सरकत नाही. पण त्यानं इतकं लहान कारण दिलं की त्यावर नळाला कुणी नावं ठेवू नयेत. आणि ही गोष्ट बृहदश्व ऋषी सांगतो कुणाला, तर सगळं हरून वनात बसलेल्या युधिष्ठिराला, ज्यानं नुकतंच विचारलेलं असतं की माझ्याहून दुर्दैवी राजा कुणी पाहिलात का. त्याला त्यानं असं नाही सांगितलं, की बाबा रे, तुझं द्यूताचं व्यसन नडलं. नडलं होतंच. तरी नाही सांगितलं.

व्यासांचं तर आणखी अवघड. कौरव-पांडवांचा संघर्ष त्यांनी लिहिला एवढंच नाही, तो त्यांच्या देहातून आला. अंबिकेनं त्यांचं रूप पाहून डोळे मिटले म्हणून धृतराष्ट्र आंधळा, अंबालिका पांढरी पडली म्हणून पंडू तसा. पात्रांत जे वैगुण्य आलं ते लेखकाच्या दर्शनानं आलं. असं दुसऱ्या कोणत्या ग्रंथात आहे मला माहीत नाही. आणि हा लेखक ग्रंथाबाहेर बसत नाही, मध्ये मध्ये येऊन उभा राहतो, त्याचं कुणी ऐकत नाही. युद्धानंतर पंधरा-सोळा वर्षांनी वनात गांधारी त्याला सांगते की या सुनांचं दुःख शमलेलं नाही, धृतराष्ट्रालाही झोप नाही. तेव्हा व्यास रात्री गंगेच्या पाण्यातून मेलेल्यांना वर आणतात, एका रात्रीपुरते. बायका नवऱ्यांना भेटतात, कुंती कर्णाला. सकाळी सगळं विरतं. या पुत्रदर्शनावर कीर्तनकार फार रेंगाळत नाहीत; मीही दोनशे वेळा महाभारत ऐकून ते उशिरा वाचलं. ज्यानं मारलं त्यालाच विधवांसमोर उभं राहावं लागलं, आणि त्याच्याकडे देण्यासारखी एकच रात्र होती.

आता भवभूती. हा आपलाच माणूस, विदर्भातल्या पद्मपूरचा असं तो स्वतः सांगतो, संशोधक वा. वि. मिराशींनी ते गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचं असं ठरवलं. आठव्या शतकाच्या सुमारास त्यानं 'उत्तररामचरित' लिहिलं. शेवटच्या अंकात वाल्मीकी गंगेकाठी एक नाटक लावतात आणि प्रेक्षकांत खुद्द राम बसलेला असतो. नाटकात काय, तर टाकून दिलेली, दिवस भरलेली सीता गंगेत उडी घेते. राम मूर्च्छित पडतो. आणि लक्ष्मण उठून वाल्मीकींनाच विचारतो, महाराज, तुमच्या काव्याचं प्रयोजन हेच का?

मी ते वाचलं तेव्हा यवतमाळचं एसटी स्टँड आठवलं. फरक असा की वाल्मीकी गांगरत नाहीत. पाणी ढवळतं आणि खरीखुरी सीता वर येते, राम शुद्धीवर येतो, दोघं भेटतात. रामायणात असं नाही. भवभूतीनं ते बदललं. पंडित म्हणतात संस्कृत नाटक गोड शेवटाशिवाय चालत नसे म्हणून. असेल. मला वाटतं, लक्ष्मणाच्या तोंडी एकदा तो प्रश्न घातल्यावर जुना शेवट ठेवायला भवभूतीचा हात धजला नाही.

माझ्या जिल्ह्यात ही सीता दुसऱ्या तऱ्हेनं आहे. राळेगावजवळ रावेरीला तिचं देऊळ आहे. शेजारी राम नाही, एकटी. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्या देवळाच्या जीर्णोद्धाराचा ध्यास घेतला. लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकांच्या नावानं सातबारा करायला लावणारा माणूस, त्याला हे देऊळ दिसणारच. तिथली आख्यायिका अशी की सीतेला रामानं टाकलं ती इथं आली, लव-कुश इथं झाले. बाळंतिणीला खायला म्हणून तिनं गावात पसाभर गहू मागितले. गावानं दिले नाहीत. तिनं शाप दिला की तुमच्या शिवारात गहू पिकणार नाही. आणि म्हणे, नवीन बियाणं येईपर्यंत कितीतरी पिढ्या पिकला नाही.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कृषी खात्याच्या माणसासारखा विचार केला. जमीन कशी, ओल किती. देवळाच्या ओट्यावर म्हातारे हे सांगत होते आणि सांगताना 'आमच्या लोकायनं' म्हणत होते. आमच्या लोकायनं देल्ले नाही. रामानं टाकलं, लक्ष्मणानं सोडलं, अयोध्येतला परीट बोलला, एवढे तयार गुन्हेगार हाताशी असताना या गावानं गोष्टीत स्वतःची भर घातली ती दोषाची. कुणी मागितली नव्हती. पसाभर गव्हाचा लहानसा दोष, नळाच्या पायासारखा, पण तो सीतेच्या अंगावर नाही टाकला, सांगणाऱ्यांनी स्वतःच्या पदरात घेतला. संघर्ष कुठून आणायचा, याचं इतकं बिनबोभाट उत्तर मला एकाही पुस्तकात सापडलं नाही.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळला बाण्णवावं साहित्य संमेलन झालं, तिथंही मी होतो. लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागं घेतल्यावरून जो गदारोळ झाला त्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. त्यांच्या नवऱ्यानं आत्महत्या केलेली. 'तेरवं' या नाटकात त्या काम करत होत्या, शेतकऱ्यांच्या विधवांनी सादर केलेलं नाटक. आम्ही लेखक मंडळी पंधरा वर्षं जिला कथांतून, कवितांतून रडवत होतो ती बाई माइकसमोर, आणि आम्ही खाली खुर्च्यांवर. त्या जागेला मराठीत व्यासपीठ म्हणतात. माझ्या शेजारच्या कवींनी भाषण झाल्यावर उभं राहून टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात पिशवी होती, मी तशीच धरून बसलो.

रावेरीहून आल्यावर माझं मन त्या जुन्या प्रकरणात पुन्हा शिरलं. आता दारू काढायची हे ठरलं. पण काढली की संपादकांचा प्रश्न परत उभा. का मेला? समितीच्या नमुन्यातही तोच रकाना. छिद्र कुठं होतं? नळाचा पाय कोणता?

तो मला जुन्या डायरीत सापडला. त्याच्या मरणाच्या आदल्या वर्षी त्या गावाची अंतिम पैसेवारी ५२ होती. वाचकांपैकी शहरातल्यांसाठी सांगतो: हंगामाचं पीक नेहमीच्या मानानं रुपयात किती पैसे आलं, ते गावनिहाय काढतात. जुने लोक आणेवारी म्हणतात. तेव्हा ती ५० च्या खाली आली तर टंचाईच्या सवलती लागू व्हायच्या, त्यात सोसायटीच्या वसुलीला स्थगिती, कर्जाचं पुनर्गठन. ५० च्या वर एक पैसा जरी असला तरी नाही. त्यासाठी पीककापणी प्रयोग करायचे असतात. चिठ्ठीनं गट नंबर निघाला तो नाल्याकाठचा, काळ्या कसदार वावराचा. मी तिथं दोऱ्या लावल्या, चौकोन आखला, कापूस वेचून वजन घेतलं. नियमानं जसं करायचं तसंच. कुणी वरून दाब आणला नाही, कुणी काही दिलं-घेतलं नाही. नुसतं मान वर करून पाहिलं असतं तर दिसत होतं की बाकीचं शिवार तसं नाही, बरड जमिनीतली पऱ्हाटी गुडघ्याएवढी राहिली होती. तसा शेरा लिहिता आला असता. लिहिला तर वर जाऊन खुलासे द्यावे लागतात. दिवाळी तोंडावर होती, आणि मला एक कथा पुरी करायची होती.

पैसेवारीच्या समितीच्या सह्या आहेत, पण ५२ हा आकडा माझ्या अक्षरात आहे. वसुली थांबली नाही. थकबाकीदार झाला म्हणून पुढच्या हंगामाला सोसायटीचं कर्ज मिळालं नाही. बाकीचं तुम्हाला माहीत आहे. माझ्या त्या दोन पैशांमुळं तो गेला असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं म्हणजे पुन्हा एक नीटस कारण जोडणं झालं, आणि स्वतःला फार मोठं पात्र करून घेणं. न धुतलेल्या पायानं राज्य जात नाही. पण कली शिरला तो तिथून.

कथा मी पुन्हा लिहिली. सात पानं झाली. दारू नाही, सावकार नाही, पोरीचं लग्नही नाही. एक तलाठी आहे, बरा माणूस, दुपारी वावरात दोऱ्या लावतो आणि संध्याकाळी कंदिलापाशी बसून कथा लिहितो. डबा एकदाच येतो. नातीनं वाचली. म्हणाली, "आबाजी, याच्यात त्या तलाठ्याले काऊन एवढा तरास देऊन रायले? तो तं चांगला हाय."

तिच्या वहीतल्या यादीबद्दल मी तिला एवढंच विचारलं, की त्या बाईच्या मांडीवर पिशवी आहे ना, त्यात काय आहे? ती म्हणाली, ठरवलं नाही. मग यादी राहू दे, आधी पिशवी पाहा. ती जरा फुरंगटली, कारण स्पर्धेची तारीख जवळ होती.

संपादकांकडे मी कथा पाठवलेली नाही. आधी जिथं वाचायला हवी ते गाव मला ठाऊक आहे. पोरगं आता मोठं झालं असेल, बहुतेक तोच वावर पाहत असेल. मागच्या महिन्यात मी एका सकाळी स्टँडवर गेलो. सात पानं घडी करून पिशवीत, पिशवी मांडीवर. बाकावर एक म्हातारा होता, त्यानं कुठं जाता विचारलं, मी गावाचं नाव सांगितलं. तिथं कोण आहे, त्यानं विचारलं. गाडी लागली, कंडक्टरनं दोनदा हाक दिली, गाडी गेली. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. दुसरी गाडी साडेतीनला होती.